सोडियम वेगळं, क्लोराइड वेगळं : द्राक्षवेलीच्या क्षारसहनशीलतेचा आढावा

द्राक्षाच्या पानाची कड करपायला लागली की बागायतदाराचा पहिला संशय पाण्यावर जातो, आणि बऱ्याचदा तो खरा निघतो. सुरुवात खालच्या, जून पानांपासून होते. कडेचा हिरवा रंग पिवळट पडतो, मग तपकिरी. बोटांत धरली तर ती कड कुरकुरते आणि मोडते. शिरांजवळचा भाग मात्र बराच काळ हिरवागार राहतो. मुळांनी ओढलेलं पाणी पानापाशी येऊन वाफेच्या रूपाने उडून जातं, पण त्यात विरघळून आलेलं सोडियम आणि क्लोराइड उडत नाही. ते प्रवाहाच्या शेवटी, पानाच्या कडेला, साचत राहतं. जून पानांनी जास्त दिवस पाणी उडवलेलं असतं, म्हणून त्यांच्यात साठाही जास्त. दुखणं पानावर दिसतं, पण ते ठरतं जमिनीखाली. किती मीठ वर चढू द्यायचं हे मुळांतल्या मोजक्या पेशींवर अवलंबून असतं, आणि त्या पेशी कशा वागणार हे वेलीच्या आनुवंशिक वारशावर.

या वारशाचा शोध गेली साठेक वर्षं कॅलिफोर्नियात, ऑस्ट्रेलियात आणि अलीकडे पुण्याजवळच्या मांजरीतही चालू आहे. त्यातून निघालेली एक गोष्ट आपल्या द्राक्षपट्ट्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ‘क्षारसहनशील’ हे एकच बिरुद लावून खुंटाची परीक्षा होत नाही. सोडियम अडवण्याचा गुण वारशात एका वाटेने येतो, क्लोराइड अडवण्याचा दुसऱ्या वाटेने. एखादा खुंट एका बाबतीत उत्तम आणि दुसऱ्या बाबतीत कच्चा असू शकतो, आणि बाग वीस वर्षं त्याच खुंटावर उभी असते.

आधी पीक म्हणून द्राक्ष कुठे बसतं ते पाहू. मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1977 साली पिकांच्या क्षारसहनशीलतेचे आकडे एकत्र मांडले, आणि आजही जगभर तेच कोष्टक वापरात आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मोजायची आणि उत्पन्न कधी घसरू लागतं ते पाहायचं, ही पद्धत. कापसाची मर्यादा त्यात 7.7 डेसिसायमन प्रति मीटर आहे. द्राक्षाची फक्त 1.5, आणि त्यापुढे प्रत्येक एककामागे 9.6 टक्के घट. म्हणजे वाहकता 3 वर गेली की उत्पन्न साधारण 14 टक्क्यांनी खाली. ज्या जमिनीत कापूस निवांत वाढतो तिथे द्राक्ष निम्म्यावर येऊ शकतं. अर्थात हा आकडा सरासरी आहे. वेल कुणाच्या मुळांवर उभी आहे यावर तो बराच बदलतो.

नुकसान दोन टप्प्यांत होतं. मातीतलं पाणी खारं झालं की मुळांना ते ओढायलाच जड जातं. ओल असूनही वेल तहानलेली राहते, शेंडा थांबतो, पानं लहान राहतात. हा पहिला टप्पा मीठ पानात पोचण्याआधीच सुरू होतो. दुसरा सावकाश येतो: पानांत सोडियम आणि क्लोराइड इतकं साठतं की पेशीचं कामकाज बिघडतं. सोडियम पोटॅशची जागा बळकावतं. क्लोराइडची अल्प मात्रा झाडाला लागतेच, पण साठा वाढला की प्रकाशसंश्लेषण मंदावतं. गव्हा-भातात जास्त धास्ती सोडियमची असते. द्राक्ष आणि लिंबूवर्गीय झाडांत क्लोराइडचा त्रास मोठा मानला जातो. द्राक्षावरच्या जुन्या संशोधनात सोडियमपेक्षा क्लोराइडची चर्चा अधिक सापडते ती यामुळे.

या गोष्टीतला सर्वात रंजक योगायोग टेक्सासमध्ये घडला. 1860 च्या दशकात फायलोक्झेरा ही मुळं खाणारी कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचली आणि तिथले मळे उद्ध्वस्त करू लागली. युरोपीय द्राक्ष, म्हणजे व्हायटिस व्हिनिफेरा ही जात, तिच्यापुढे हतबल होती. अमेरिकेतल्या रानवेली मात्र त्या किडीबरोबरच वाढलेल्या होत्या. उपाय निघाला तो कलमांचा: खाली अमेरिकी मूळ, वर युरोपीय फांदी. पण फ्रान्सच्या चुनखडी जमिनीत अनेक अमेरिकी खुंट पिवळे पडत. चुना सोसणाऱ्या वेली शोधायला प्येर व्हिआला हे फ्रेंच शास्त्रज्ञ 1887 मध्ये अमेरिकेला गेले, आणि टेक्सासमधल्या डेनिसनच्या टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना तिथल्या चुनखडी टेकड्यांवरच्या रानवेलींची वाट दाखवली. व्हायटिस बर्लांडिएरी ही त्यांपैकी सर्वात मोलाची जात. पुढे सिसिलीत पाउलसन आणि रुज्जेरी यांनी, तर फ्रान्समध्ये रिश्टर यांनी बर्लांडिएरीचा रुपेस्ट्रिस या दुसऱ्या रानजातीशी संकर करून खुंट तयार केले. 1103 पाउलसन, 140 रुज्जेरी, 110 रिश्टर ही नावं आज नाशिक-सांगलीच्या रोपवाटिकांतही ऐकू येतात.

या कुणाच्याही डोळ्यांसमोर मीठ नव्हतं. किडीसाठी आणि चुन्यासाठी निवडलेल्या मुळांत क्लोराइड अडवण्याचा गुण आपसूक आला, आणि तो लक्षात यायला पुढची पन्नास-साठ वर्षं गेली.

तो लक्षात आणून दिला तो मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने आणि ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या संशोधकांनी. मिल्ड्युरा हे तिथलं सिंचनाचं गाव 1887 मध्ये चॅफी बंधूंनी वसवलं. कोरडं हवामान, नदीचं पाणी, आणि सुलताना द्राक्षाचे बेदाणे. हा सुलताना म्हणजे आपला थॉमसन सीडलेसच. सिंचन वाढलं, भूजल वर आलं, क्षार वर आले. शेजारच्या मर्बीन इथल्या संशोधन केंद्रात 1960 च्या दशकापासून वेगवेगळ्या खुंटांवर सुलतानाची कलमं बांधून पानांतलं क्लोराइड मोजलं गेलं. एकाच पाण्यावर, एकाच मातीत, स्वतःच्या मुळांवरची वेल आणि अमेरिकी खुंटावरची वेल यांच्या पानांत क्लोराइडचा मोठा फरक पडतो, हे तिथे पुन्हा पुन्हा दिसलं. वरची जात तीच. फरक केवळ मुळांचा.

1985 मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने सिंचनाच्या पाण्यावर जी पुस्तिका काढली, तिच्यात हा फरक आकड्यांत आहे. मुळांच्या परिसरातल्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा सॉल्ट क्रीक खुंटाला 40 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, डॉगरिजला 30, आणि स्वतःच्या मुळांवरच्या थॉमसनला 20. कार्डिनलसारख्या नाजूक जातीला 10 च. या कोष्टकात डॉगरिजचं स्थान चांगलंच वरचं आहे, हे इथेच ध्यानात ठेवायला हवं. त्यात सोडियमचा रकाना खुंटानुसार भरलेला नाही.

1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या अँटक्लिफ, न्यूमन, साइक्स या संशोधकांनी पुढचा प्रश्न हाती घेतला: हा गुण पिढीत कसा उतरतो? बर्लांडिएरी आणि व्हिनिफेरा यांचे संकर, त्यांचे पुन्हा व्हिनिफेराशी प्रतिसंकर, शेकडो रोपं, प्रत्येकाच्या पानातलं क्लोराइड. गुण वारशाने येतो हे पक्कं झालं. तो एकाच बलवान जनुकाचा खेळ असावा अशी शंका काही संकरांत येत होती, पण इतरत्र हिशेब जुळेना. रोपांचे ‘अडवणारी’ आणि ‘न अडवणारी’ असे दोन स्वच्छ गट पडण्याऐवजी कमीपासून जास्तपर्यंत अखंड उतरंड दिसायची. अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात तेव्हा असंच घडतं.

इथून सोडियमची कथा वेगळी होते, आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवं. द्राक्षाच्या क्षारसहनशीलतेत आजवर बोट ठेवून दाखवता आलेलं सर्वात ठाम जनुक तिच्यातच आहे.

ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दोन टोकांचे खुंट घेतले. एक 140 रुज्जेरी, म्हणजे बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस यांचा संकर, क्षार अडवण्यात पटाईत. दुसरा के 51-40, म्हणजे चॅम्पिनी आणि रिपेरिया या अमेरिकी रानजातींचा संकर, क्लोराइड अडवण्यात कच्चा. दोघांचा संकर केला. मिळालेल्या रोपांना खारं पाणी दिलं, पानांतलं सोडियम मोजलं आणि प्रत्येकाच्या डीएनएवरच्या खुणांशी ते ताडून पाहिलं. सॅम हेंडरसन, मॅथ्यू गिलियम, अमांडा वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. गुणसूत्रांवरची एकच जागा सोडियमच्या फरकाशी घट्ट बांधलेली निघाली. त्या जागेत एचकेटी कुटुंबातली सहा जनुकं शेजारी शेजारी बसलेली होती. त्यांतलं कोणतं मुळांत चालू असतं, कोणतं खरोखर सोडियम वाहून नेतं, हे एकेक करून तपासल्यावर बोट एचकेटी 1;1 वर आलं.

हे जनुक जे प्रथिन बनवतं ते मुळाच्या मध्यभागी, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांच्या भोवतालच्या पेशींच्या आवरणात काम करतं. मातीतून आलेलं सोडियम नळीत उतरलं की हे प्रथिन ते तिथून काढून शेजारच्या पेशीत परत घेतं. रेल्वेच्या फलाटावरून विनातिकीट चढलेल्याला गाडी सुटायच्या आत उतरवून घ्यावं, तसा हा कारभार. जे उतरवलं गेलं ते पानापर्यंत जात नाही.

मग एका वेलीत हे काम नीट होतं आणि दुसरीत का नाही? हे तपासायला संशोधकांनी दोन्ही खुंटांतली या जनुकाची चारही रूपं वेगळी काढली आणि त्यांची प्रथिनं झाडाबाहेर, परक्या पेशींत तयार करून त्यांच्यातून सोडियमचा किती प्रवाह जातो ते विजेच्या भाषेत मोजलं. अशा मोजणीसाठी आफ्रिकन बेडकाची अंडपेशी जगभर वापरली जाते. ती डोळ्यांना दिसेल एवढी मोठी असते, तिच्यात सुई घालता येते, आणि सुईने दिलेला निरोप वाचून ती हवं ते प्रथिन आपल्या आवरणात बसवते. चारांपैकी दोन रूपांतून सोडियम सहज आत गेलं, दोन रूपांतून कमी. सगळा फरक प्रथिनाच्या आवरणातून आरपार जाणाऱ्या आठव्या पट्ट्यातल्या विद्युतभारित अमिनो आम्लांपाशी येऊन थांबला. तिथे असा भार असला की आत येणारं सोडियम अडखळतं. ब्रेड गव्हाच्या तशाच प्रथिनात त्या जागी बदल करून पाहिला तेव्हा तिथेही हेच घडलं.

शेवटची कडी सर्वात बोलकी आहे. कमजोर रूपांचा माग काढला तेव्हा एक व्हायटिस चॅम्पिनीकडे गेलं आणि दुसरं व्हायटिस रुपेस्ट्रिसकडे. म्हणजे दोन्ही खुंटांत एकेक सशक्त आणि एकेक कमजोर रूप होतं. सशक्त रूप प्रभावी असल्याने एक जरी मिळालं तरी रोप सोडियम अडवतं. दोन्ही बाजूंनी कमजोर रूप आलं तरच पान सोडियमने भरतं. मेंडेलच्या हिशेबाने अशी रोपं चारांत एक. क्लोराइडच्या गुंत्यापुढे हा हिशेब फार सरळ वाटतो.

हे जनुक-कुटुंब एकट्या द्राक्षाचं नाही, हेही महत्त्वाचं. 2005 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ‘नोना बोक्रा’ या भारतीय भाताच्या जुन्या वाणातून क्षारसहनशीलतेचं जे जनुक शोधलं ते याच कुटुंबातलं. 2012 मध्ये राणा मन्स आणि सहकाऱ्यांनी एका प्राचीन गव्हाच्या नातेवाइकातलं याच कुटुंबाचं जनुक पारंपरिक संकराने ड्युरम गव्हात आणलं आणि खाऱ्या शेतात 25 टक्क्यांपर्यंत जास्त उत्पन्न घेतलं. भात, गहू, द्राक्ष ही एकमेकांपासून फार दूरची पिकं, पण नळीतून सोडियम परत घेण्याची युक्ती तिन्हींत एकच. एका पिकातलं ज्ञान दुसऱ्यात कामाला येतं ते यामुळे.

क्लोराइडच्या बाजूला असा एकही खंदा उमेदवार उभा राहिलेला नाही. 2014 मध्ये हेंडरसन यांच्याच गटाने 140 रुज्जेरी, के 51-40 आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों यांच्या मुळांतली जनुकं चालू-बंद कशी असतात याची तुलना केली. आयन वाहून नेणाऱ्या अनेक प्रथिनांत फरक सापडले. संशयितांची यादी तयार झाली, गुन्हेगार हाती लागला नाही. ‘सीसीसी’ नावाचं एक प्रथिन क्लोराइड अडवत असेल अशी आशा होती. 2015 मध्ये त्याचा पत्ता शोधला तेव्हा ते पेशीच्या बाहेरच्या आवरणात नसून पेशीच्या आतल्या गॉल्जी यंत्रणेत असल्याचं निघालं. नळीत क्लोराइड ढकलण्याचं किंवा परत ओढण्याचं काम ते थेट करत असण्याची शक्यता त्यामुळे उरली नाही. त्याचा परिणाम आडवळणाने होतो. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात एनपीएफ 2.4 आणि एसएलएएच 1 ही प्रथिनं क्लोराइड नळीत सोडण्याशी जोडली गेली आहेत. द्राक्षात त्यांची भावंडं आहेत, पण वेगवेगळ्या खुंटांतला फरक त्यांच्यामुळेच पडतो हे सिद्ध व्हायचं आहे.

अडचण नुसती शोधाची नाही, रसायनाचीही आहे. क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही ऋणभारित, आणि अनेक प्रथिनं दोघांनाही वाहून नेतात. क्लोराइडचा रस्ता सरसकट बंद केला तर नत्राचा रस्ताही अरुंद होण्याचा धोका. झाडाने हे दोन आयन वेगळे ओळखण्याची तडजोड अनेक ठिकाणी, अनेक प्रथिनांत वाटून ठेवली असावी, आणि वारशातली ती अखंड उतरंड त्याचीच खूण असावी, असा तर्क करायला जागा आहे.

मोजणीच्या पद्धतीनेही काम हळू चालतं. वेल मोठी व्हायला वर्षं लागतात. यावर ऑस्ट्रेलियात एक सुटसुटीत तोडगा काढला गेला: एकच पान देठासकट काढायचं, देठाला मुळं फुटू द्यायची आणि त्या मूळ फुटलेल्या पानालाच खारं पाणी द्यायचं. एका पानाएवढी संपूर्ण वेल. काही आठवड्यांत क्लोराइडचा निकाल येतो, आणि शेकडो संकर एका छोट्या काचघरात मावतात. पण शेतातली वेल दहा-वीस वर्षं उभी असते, आणि काळ हा इथला वेगळाच घटक आहे. रॅम्सी हा ऑस्ट्रेलियात फार वापरला गेलेला खुंट सुरुवातीला क्लोराइड उत्तम अडवतो. खाऱ्या पाण्यावर बरीच वर्षं काढल्यावर त्याची ही ताकद ओसरते, असं तिथल्या शेतांतून नोंदवलं गेलं आहे. रोपावस्थेतल्या चाचणीवर आंधळा भरवसा ठेवता येत नाही तो यासाठी. ऑस्ट्रेलियाला याची काळजी आणखी एका कारणाने आहे. तिथल्या अन्न नियमांत वाइनमधल्या विद्राव्य क्लोराइडवर, मिठाच्या हिशेबात, लिटरला 1 ग्रॅमची मर्यादा आहे. मूळ ढिलं पडलं तर पानच करपतं असं नाही, वाइनही खारट होते.

क्लोराइडचं उत्तर बहुधा पुन्हा रानातूनच येईल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अँड्रू वॉकर यांच्या गटाने अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या कोरड्या नदीपात्रांतून, खारवट ओढ्यांच्या काठांवरून रानवेली गोळा केल्या आणि त्यांची क्लोराइड चाचणी घेतली. ॲसेरिफोलिया, गर्डियाना, ॲरिझोनिका या जातींत चांगले अडवणारे निघाले, आणि एकाच जातीच्या दोन वेलींत मोठा फरकही दिसला. केवळ जातीचं नाव पाहून निवड करणाऱ्याला हा इशारा आहे. 2023 मध्ये डेव्हिसच्याच दारिओ कांटू यांच्या प्रयोगशाळेने नऊ अमेरिकी रानजातींचे जनुकसंच गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जुळवून त्यांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. 2007 मध्ये द्राक्षाचा पहिला जनुकसंच वाचला गेला तो पिनो न्वार या युरोपीय जातीचा. रानवेलींत जे आहे आणि पिनोत मुळातच नाही, ते त्या नकाशावर दिसणारच कसं? नव्या एकत्रित नकाशावर रानातल्या वेलींचा क्षारसहनशीलतेशी संबंध तपासता आला, आणि गुणसूत्रांवरच्या काही जागा पुढे आल्या. त्या जागांवरची नेमकी जनुकं कोणती आणि ती काय करतात, हे काम आता सुरू झालं आहे.

आता महाराष्ट्र. फायलोक्झेरा ही इथली अडचण कधीच नव्हती; नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागा बराच काळ स्वतःच्या मुळांवरच होत्या. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दुष्काळ, खोल जाणारी बोअर आणि त्यांचं खारं पाणी यांनी बागायतदाराला खुंटाकडे वळवलं. निवड झाली डॉगरिजची. टेक्सासच्या बेल काउंटीतल्या डॉग रिज या भागाचं नाव मिरवणारा हा खुंट व्हायटिस चॅम्पिनीचा. जोरदार वाढ, पाण्याचा ताण सोसण्याची ताकद, आणि क्लोराइडच्या कोष्टकात मानाची जागा. त्या वेळच्या माहितीवर ही निवड योग्यच होती, आणि तिने दुष्काळी तालुक्यांतल्या अनेक बागा तगवल्या. तासगाव, कवठे महांकाळ, जतकडची द्राक्षशेती या खुंटाशिवाय कल्पनेत आणणं कठीण आहे.

पण काही वर्षांनी डॉगरिजवरच्या बागांत पानदेठ परीक्षणाचे अहवाल वेगळं बोलू लागले: सोडियम चढतं, पोटॅश उतरलेलं, पानं काळवंडून कड करपते. बागायतदार पोटॅश वाढवतो. मुळातून सोडियम येतच राहतं. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात कमजोर रूपांपैकी एकाचा माग चॅम्पिनीपर्यंत जातो, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. शिवाय चॅम्पिनी ही स्वतः मस्टँग द्राक्ष आणि रुपेस्ट्रिस यांच्या नैसर्गिक संकरातून आलेली जात मानली जाते, आणि दुसरं कमजोर रूप रुपेस्ट्रिसचं आहे. यावरून आपल्या डॉगरिजमध्ये दोन्ही रूपं कमजोरच आहेत असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. त्या खुंटातलं हे जनुक थेट वाचून पाहायला हवं. पण क्लोराइड अडवणारा म्हणून घेतलेला खुंट सोडियमपुढे कमी पडू शकतो, याला आता आनुवंशिक स्पष्टीकरण उपलब्ध आहे. 110 रिश्टर, 1103 पाउलसन आणि 140 रुज्जेरी या तिघांत निम्मा वारसा बर्लांडिएरीचा. रुज्जेरीतलं सशक्त रूप त्याच बाजूने आलेलं. उरलेल्या दोघांत तसंच असेल असं मानायला आधार आहे, पण तपासणी तिथेही हवी.

मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 मध्ये सुरू झालं. तिथे खुंटांच्या क्षारसहनशीलतेवर शेतातली आणि प्रयोगशाळेतली दोन्ही कामं झाली आहेत. 2018 मध्ये तिथल्या संशोधकांनी क्षारांच्या ताणाखाली थॉमसन सीडलेसच्या पानांत कोणती जनुकं चालू होतात याचा व्यापक अभ्यास प्रसिद्ध केला. ताणाच्या सुरुवातीला आणि नंतर पान वेगवेगळ्या जनुकांना हाक मारतं, असं त्यातून दिसलं. वरच्या दोन टप्प्यांच्या मांडणीशी हे जुळतं. कलमाच्या वेलीत पान एका वारशाचं आणि मूळ दुसऱ्याचं, म्हणून पानाच्या अभ्यासाला मुळाच्या अभ्यासाची जोड लागतेच.

सोडियम आणि क्लोराइड वेगळे धरण्याचा फायदा रोजच्या व्यवहारातही आहे. चोपण जमिनीत जिप्सम टाकलं की मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सुटतं. क्लोराइड मातीला चिकटतच नाही; ते निचऱ्याबरोबर खाली जातं, म्हणून त्याच्यावर उपाय चांगलं पाणी, पाऊस आणि मोकळा निचरा. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये वजनाच्या जवळपास निम्मं क्लोराइड असतं, आणि खाऱ्या पाण्याच्या बागेत त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे 0-0-50, वापरतात ते याचमुळे. पण अहवालात नुसती विद्युतवाहकता पाहून ‘क्षार जास्त’ म्हटलं तर कोणता उपाय करायचा हे कळत नाही. कोणता खुंट घ्यायचा हेही कळत नाही.

नवा खुंट घडवायला आता किती वेळ लागेल? संकर, निवड, कलमाशी जुळणं, अनेक हंगामांची शेतातली परीक्षा, हे सारं धरून पंधरा-वीस वर्षं सहज जातात. एचकेटी 1;1 ची खूण हाती असल्याने सोडियमची चाळणी मात्र कोवळ्या रोपाचं एक पान घेऊनच करता येईल; चारांतलं ते एक रोप खारं पाणी न देताच बाजूला काढता येईल. जनुक-संपादनाचा मार्गही आहे. भारताने 2022 मध्ये परकं जनुक न घालता केलेल्या दोन प्रकारच्या संपादनांना जनुकांतरित पिकांच्या कडक नियमांतून वगळलं, आणि मे 2025 मध्ये दोन संपादित भातवाण जाहीर झाले. त्यांतला पुसा डीएसटी राइस 1 दुष्काळ आणि क्षार सोसण्यासाठीच आहे. आठव्या पट्ट्यातला भार बदलून कमजोर एचकेटी सुधारणं कागदावर शक्य दिसतं. पण द्राक्षाच्या खुंटाच्या एका पेशीपासून पूर्ण वेल वाढवणं भाताइतकं सोपं नाही, आणि क्लोराइडच्या बाबतीत काय संपादित करायचं तेच ठरलेलं नाही.

दरम्यान करण्याजोगं काम साधं आहे, आणि ते इथेच होऊ शकतं. डॉगरिज, 110 रिश्टर, 1103 पाउलसन आणि 140 रुज्जेरी एकाच बागेत, एकाच बोअरच्या पाण्यावर, वर एकच जात. खरड छाटणीनंतर 45 व्या दिवसाच्या आसपास पानदेठ घ्यायचे आणि सोडियम व क्लोराइड दोन्ही वेगवेगळं नोंदवायचं. वर्षातून दोनदा छाटली जाणारी उष्ण पट्ट्यातली वेल मर्बीनच्या किंवा डेव्हिसच्या वेलीपेक्षा वेगळं जगते, आणि रॅम्सीची ओसरलेली ताकद पाहता ही नोंद बाग लावल्यापासून दहाव्या वर्षापर्यंत चालू ठेवावी लागेल. सोबत या चारही खुंटांतलं एचकेटी 1;1 वाचून घ्यायचं. डीएनए वाचण्याचा खर्च आता इतका उतरला आहे की या कामातला तो सर्वात स्वस्त भाग ठरेल. महाग आहे ती दहा वर्षं सांभाळलेली प्रयोगाची बाग.